शेडनेटच्या शेवटच्या कप्प्यातला वर्ग

लोणी देवकरच्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथं प्रयोगशाळेत जाण्याआधी फोन कपाटात ठेवावा लागतो. त्यामुळे शालनआत्या गेल्याचं मला उशिरा कळलं. जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडलं तर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, एकापाठोपाठ एक फोन येऊन गेलेले. ते असे कधी फोन करत नाहीत. मी परत फोन लावला. "शालन गेली," ते म्हणाले. "रोपांचं ट्रे भरत हुती. खाली बसली ती उठलीच न्हाय..." मी हात धुतले, साहेबांना सांगितलं आणि इंदापूरच्या स्टँडवर येऊन बारामतीची एसटी धरली. गाडीत मी रडले नाही. चारचौघांत मला रडता येत नाही, बोलताही फारसं येत नाही. पण आदल्या रविवारी मी कन्हेरीला घरी गेले होते, तेव्हा आत्या हौदावर जुने ट्रे घासत बसली होती, ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं. ते ट्रे विक्रीच्या रोपांचे नव्हते, वर्गातल्या मुलांच्या रोपांचे होते. मे महिन्याच्या वर्गाची तिची तयारी मार्चमध्येच सुरू व्हायची. "यंदा पोरं वाढणार हायत," ती म्हणाली होती, "वरच्या वस्तीवरची पण येतो म्हणत्यात."

आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी, ढोबळी. शेतकरी ऑर्डर देतात, आम्ही हिरव्या जाळीच्या शेडनेटमध्ये रोपं तयार करून देतो. आत्याचं सासर इंदापूरकडचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी आली आणि भावाबरोबर या धंद्यात उभी राहिली. ती दहावीपर्यंत शिकलेली होती. शिक्षिका ती कधीच नव्हती, आणि कुणी "बाई" म्हटलं तर तिला हसू यायचं. ट्रे भरायला येणाऱ्या बायकांची मुलं शाळा सुटली की दप्तरासकट नर्सरीत यायची आणि आई घरी निघेपर्यंत कोकोपीटच्या, म्हणजे ट्रेत भरायच्या नारळाच्या भुशाच्या, ढिगावर घसरगुंडी खेळायची. अण्णा ओरडायचे. आत्यानं शेडनेटचा शेवटचा कप्पा रिकामा केला, खाली ताडपत्री अंथरली आणि मुलांना म्हणाली, "हितं बसा. पण नुसतं बसायचं न्हाय." एवढ्यावर तो वर्ग सुरू झाला. रोज शाळेनंतर दिवेलागणीपर्यंत, आणि मे महिन्यात सकाळी. फी नाही, नावनोंदणी नाही. ज्याला यायचं त्यानं यायचं, फक्त चप्पल बाहेर काढायची.

शाळेचा अभ्यास मुलं एकमेकांना विचारून करायची. शनिवार मात्र वेगळा असायचा. शनिवारी पाहुणा यायचा. "मला काय येतंय?" आत्या म्हणायची. "ज्याला येतंय त्याला बोलवायचं." आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण द्यायला दारात जाऊन कुंकू लावलेले तांदूळ, म्हणजे अक्षता, हातावर ठेवतात. आत्यानं तीच रीत उचलली. पाहुणा कुणीही असो, मुलांनी त्याच्या दारी जायचं, अक्षता द्यायच्या आणि "शनिवारी आमच्या वर्गात शिकवायला या" म्हणायचं. फोन करायचा नाही, निरोप धाडायचा नाही. ती स्वतः कधी वाटी घेऊन गेली नाही. विधवा बाईनं कुंकवाच्या अक्षता दारात आणल्या म्हणून कुणी बोललं असतं की नाही, माहीत नाही. पण तिनं मुलांना पुढं केलं, आणि पुढं केलं म्हणूनच ती मुलं दारात उभं राहून बोलायला शिकली.

मी तिची भाची असले तरी त्या मुलांमधली नव्हते. मी पिवळ्या बसनं बारामतीच्या इंग्रजी शाळेत जायचे. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, आणि वस्तीवर बोलायला गेलं की मुलं माझ्या बोलण्याची नक्कल करायची. त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. एका उन्हाळ्यात आत्यानं सरळ माझ्या हातात वाटी दिली. जायचं होतं जेसीबी चालवणाऱ्या गणपतरावांकडे. बरोबर तीन-चार मुलं होती, पण त्यांना आत्यानं सांगून ठेवलं होतं की आज बोलणार ती फक्त हीच. मी वाटेत वाक्य पाठ केलं. गणपतराव बाजेवर पडले होते. अक्षता बघून उठून बसले.

"कुणाचं लगीन हाय गं?"

"लग्न नाही. आपण आमच्या वर्गास उपस्थित राहावे."

मागची मुलं खो खो हसली. गणपतराव हसले नाहीत. "वर्गात? मी काय करू वर्गात?"

"शिकवायचं."

"अगं बाय, नववी नापास हाय मी!"

यावर काय म्हणायचं ते मी पाठ केलेलं नव्हतं. मी म्हणाले, "मग नववीपर्यंतचं शिकवा." तेव्हा ते हसले, आणि हात पुढे केला. शनिवारी ते पांढरा सदरा, टोपी घालून, बायकोला घेऊन आले. लग्नाला जातात तसेच. जेसीबी बाहेर बांधावर उभा केला होता. एकेका मुलाला शेजारी बसवून त्यांनी बकेट कशी उचलायची, माती कुठं ठिसूळ आहे ते हाताला कसं कळतं, हे दाखवलं. रात्री जेवताना आत्या अण्णांना म्हणाली, "तुझी पोरगी बोलती की. इचारणारा पाहिजे." ती माझ्याकडे बघून बोलली नाही, याचं मला बरं वाटलं.

अण्णांना हा वर्ग पटत नव्हता असं नाही, पण नर्सरीत मुलं नकोत असं त्यांचं म्हणणं होतं. त्याला कारणही घडलं. आत्यानं एकदा मुलांना बी टोकायला बसवलं. ढोबळीचं आणि तिखट मिरचीचं बी दिसायला जवळपास सारखं, आणि रोपंही लहानपणी सख्ख्या बहिणींसारखी. दोन वाट्या शेजारी ठेवल्या होत्या. कुठल्या तरी उत्साही हातानं त्या एक केल्या. रोपं वाढली, विकली गेली, लोणी भापकरच्या एका आबांच्या शेतात लागली. फळ धरल्यावर आबा मोटारसायकलवरून आले आणि उन्हात उभे राहून म्हणाले, "शालनताई, माझ्या ढोबळीत लवंगी लागलीय. व्यापारी हसतोय मला." अण्णांचा चेहरा असा झाला की मी घरात निघून गेले. आत्यानं काही लपवलं नाही. नुकसान भरून देऊ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलांना टेम्पोत घालून आबांच्या बांधावर नेलं. मीही होते. आबा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हीच का ती कंपनी?" मुलं खाली बघत होती. आत्या म्हणाली, "आबा, रागवा, पण आधी यास्नी दाखवा, कुठलं कुठलं ते." आबा सरीत उतरले. पान, देठ, फुलाची मान, एकेक दाखवत गेले. शेवटी त्यांनी सगळ्यांना एक-एक मिरची खायला लावली. "ही तुमची शिक्षा," म्हणाले. येताना टेम्पोभर स्स-हा, स्स-हा चाललं होतं, आणि आत्या पुढं बसून पोट धरून हसत होती. तिनंही खाल्ली होती.

त्या दिवसापासून अण्णांनी नियम केला की विक्रीच्या ट्रेला मुलांचा हात लागणार नाही. आत्यानं तो मानला आणि त्याबदल्यात शेवटचा कप्पा कायमचा मागून घेतला. पण मे महिना म्हणजे नर्सरीचा ऐन हंगाम. जूनच्या लागवडीसाठी रोपं लागतात, जागा पुरत नाही. दरवर्षी अण्णा म्हणायचे, यंदा तो कप्पा भरू. दरवर्षी आत्या म्हणायची, भरलेलाच हाय की.

यंदा हे म्हणायला ती नव्हती. दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी अण्णांनी ट्रे मोजत मोजत सांगितलं की तो कप्पा मिरचीला घ्यायचा. त्यात राग नव्हता, थकवा होता. "शालन असती तर गोष्ट येगळी. कोण बघणार पोरांकडं?"

"मी बघते," मी म्हणाले. "शनिवार-रविवार मी इथंच असते. रोजचा वर्ग मोठी मुलं सांभाळतील."

अण्णांनी ट्रे खाली ठेवला. "तू? पाव्हणं आलं की आतल्या खोलीत जातीस तू."

"आत्या तरी कुठं शिकवत होती? बोलवायचं तर असतं."

"आणि बोलवायला कोण जाणार?"

"मीच जाईन."

त्यांनी ट्रे पुन्हा उचलला. मग म्हणाले, "पहिला शनवार बघू. न्हाय जमलं तर सोमवारी ट्रे मांडणार. तवा रुसायचं न्हाय."

मी स्वयंपाकघरात जाऊन तांदळाला कुंकू चोळलं. मोटारी भरून देणारे, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून देणारे हणमंतराव निवडले, कारण त्यांचं दुकान रस्त्यावर होतं आणि दारात उभं राहणं कुणाच्या घरात शिरण्यापेक्षा मला सोपं वाटलं. सोबत स्वराली नावाची चौथीतली मुलगी होती. अक्षता हातावर पडल्यावर हणमंतरावांनी आधी हात पँटला पुसला. "ताई गेल्यावर हे बंद पडलं म्हणत हुती लोकं," ते म्हणाले. "न्हाय पडलं," स्वरालीनं उत्तर दिलं. मी नुसती मान हलवली. तेवढं पुरलं.

काल तो पहिला शनिवार झाला. ताडपत्री कमी पडली इतकी मुलं आली. हणमंतराव विहिरीत सोडायची एक मोटार उघडून घेऊन आले होते. त्यांनी तार दाखवली, ती कशी गुंडाळतात ते दाखवलं, आणि सांगायचं होतं ते भराभर सांगून थांबले. कपाळावर घाम. मग शांतता पसरली. मला या शांततेची आठवण नव्हती. मग लक्षात आलं की ती कधी व्हायचीच नाही... पाहुणा थांबला की मागच्या ओळीतून आत्या लगेच काहीतरी बावळट प्रश्न विचारायची, मुद्दाम, म्हणजे त्यापेक्षा वेडा प्रश्न विचारायची कुणाला भीती उरायची नाही. मुलंही वळून वळून मागे बघत होती. मागे मी बसले होते. पलीकडच्या कप्प्यात अण्णा पाइप धरून मिरचीला पाणी मारत होते, आणि त्यांचं पाणी बराच वेळ एकाच ट्रेवर पडत होतं.

मी हात वर केला. "काका, मोटार विहिरीत असते. मग माशांना शॉक बसत नाही का?"

आधी एक मुलगा फिस्सकन हसला, मग सगळेच. हणमंतराव मात्र गंभीर झाले. "हे मला आजपत्तोर कुणी इचारलं न्हाय," ते म्हणाले आणि मोटारीकडे नव्यानं बघायला लागले. पुढच्या ओळीतून हात वर व्हायला लागले. बेडकाला बसतो का, पोहणाऱ्याला बसतो का, माशाला कळतं का...

"बसतो की!" पलीकडून अण्णांचा आवाज आला. "तार सोलली की बसतो. आपल्याच हिरीत, शालन न् मी ल्हान हुतो तवा..."

स्वराली वळली. "अण्णा, हात वर करून बोला."

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत राहिला. अण्णांनी पाइप डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.