तबकावरचे सातवे नाव

चांदी उजळताना बोटांना जो वास येतो, तो तुम्ही कधी निवांतपणे घेतला आहे? लिंबाचा आंबटपणा असतो, रांगोळीची कोरडी धूळ असते आणि या दोहोंच्या तळाशी धातूचा एक गार, काहीसा अबोल गंध असतो. तो कशासारखा आहे हे मला आजवर सांगता आलेले नाही.

नव्वदच्या दशकात मी मलकापूरला शिक्षिका होते. नणंदेच्या मुलीचा साखरपुडा जवळ आला होता, म्हणून माहेरून मिळालेली गुलाबदाणी घेऊन मी अंगणात बसले होते. सुरूच्या झाडासारखी निमुळती, पोटावर वेलबुट्टी कोरलेली. सांगलीच्या कुणा कारागिराने दोन पिढ्यांपूर्वी ती घडवली होती. त्याचे नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. किती लग्नांत, किती मुंजींत तिने पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडले असेल! भोजनाचे तबक, अत्तरदाणी, नक्षीचे पेले ही सारी मंडळी समारंभापुरती कपाटाबाहेर येतात, चार घटका मिरवतात आणि पुन्हा मलमलीत गुंडाळून अंधारात जातात. एरवी काळवंडणे हेच त्यांचे आयुष्य. तो काळेपणा मला सहन होत नव्हता, आणि मी जीव तोडून घासत होते.

“आवं बाई, दमानं! नक्षी हाय ती, तवा न्हाई.”

कुंपणापलीकडे बनसोडेकाका उभे होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते वर्षापूर्वीच समोरच्या घरात राहायला आले होते. मितभाषी माणूस. त्या दिवशी मात्र फाटक उघडून ते आत आले, पायरीवर बसले आणि गुलाबदाणी त्यांनी माझ्या हातातून अलगद काढून घेतली. ओल्या खडूची पूड बोटाच्या टोकावर घेऊन ते एकेका पानाच्या कडेने फिरवू लागले. इतक्या राकट पंज्यात एवढी मृदुता कुठून आली असेल?

“अठरा वरसं हेच केलं बाई,” ते म्हणाले. “साहेबलोकांच्या मेसमदी चांदी माझ्याकडं हुती.”

पलटणीच्या त्या भोजनगृहातले वैभव त्यांच्या तोंडून ऐकताना मी हरखून गेले. मोर पिसारा पसरून उभा आहे अशी फळांची पात्रे, पाच फांद्यांच्या मेणबत्तीदाण्या, घोड्यावरचा स्वार, बदलून जाणाऱ्या प्रत्येक साहेबाने मागे ठेवलेला एखादा पेला. पलटणीचा अवघा इतिहास जेवणाच्या मेजावर मांडलेला! आणि या सगळ्यांच्या मधोमध एक साधे, वाटोळे तबक. एका लढाईत कामी आलेल्या सात जवानांची नावे त्यावर इंग्रजी अक्षरांत कोरलेली होती.

“मी चौथी शिकल्याला. इंग्रजी मला त्या तबकानंच शिकिवली. पुसता पुसता एकेक अक्षर वळखीचं झालं.”

दर मोठ्या खान्याआधी तबक लखलखले पाहिजे, असा हुकूम होता. काकांनी तो मनापासून पाळला. आणि एके सकाळी खिडकीपाशी तबक तिरके धरून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की सहा नावेच दिसत आहेत. सातवे सगळ्यांत उथळ कोरलेले होते. अठरा वर्षांच्या त्या निष्ठावंत मायेने ते पुसून टाकले होते! आपल्याच सेवेने आपल्याच दैवताचा चेहरा झिजवावा, याहून मोठी शिक्षा कोणती?

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागले नाही. मग ते तबक घेऊन मेसच्या कॅप्टनसमोर उभे राहिले. “साब, नाव माझ्या हातनं गेलं.” तरुण कॅप्टनने तबक उन्हात फिरवून पाहिले. “कोणाचं होतं?” काकांनी सांगितले, “नायक सर्जेराव. तासगावाकडचा.” कॅप्टन रागावले नाहीत. त्यांनी कोरणारा बोलावला, काकांनी कागदावर जपून अक्षरे काढून दिली आणि नाव पुन्हा उमटले. इथेच सारे मिटायला हवे होते. पण काकांचे मन मिटेना. पुढच्या सुट्टीत त्यांनी तासगावची एसटी धरली.

विचारत विचारत ते सर्जेरावच्या घरी पोचले, तेव्हा अंगणातल्या बेदाण्याच्या शेडवर द्राक्षे सुकत होती. घडांवरून हात फिरवत एक म्हातारी उभी होती, सर्जेरावची आई. काकांनी पायांना हात लावून सगळे सांगितले. मग तिने विचारले, “तुजं गाव कंचं? आडनाव काय?” काकांनी सांगितले. ती आत गेली.

“मला वाटलं, झालं. आता भाईर येत न्हाई,” काका म्हणाले. लहानपणी गावच्या हॉटेलात त्यांच्या वडिलांची कपबशी वेगळी असे. बाहेर वळचणीला ठेवलेली. चहा पिऊन ती आपणच विसळायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. अठरा वर्षे साहेबांच्या चांदीला हात लावणाऱ्या त्या माणसाला, त्या अंगणात उभे राहून, ती वळचण आठवली होती.

म्हातारी बाहेर आली ती हातात दुधाचा पेला घेऊन. चांदीचा, लहानसा, काळाठिक्कर पडलेला. सर्जेरावच्या बारशाला त्याच्या मामाने दिलेला.

काकांचा हात पुढे होईना. “आई, मी...”

“ठावं हाय मला. इचारलं की आत्ताच. पी. तो गेल्यापास्नं कुणाच्या व्हटाला लावला न्हाई मी ह्यो.”

“घासला बी न्हाईसा?” काकांनी विचारले.

“कशाला घासू? त्याच्या बोटांचं हाय ते सगळं.”

काकांनी पेला दोन्ही हातांत धरला. त्या काळ्या अंगावर, लेकराच्या मुठीत मावेल एवढ्याशा पेल्यावर, मराठीत सर्जेरावचे नाव कोरलेले होते. एकही अक्षर झिजले नव्हते. अंगठ्याखाली ते जसेच्या तसे लागत होते.

“दूध प्यालो,” काका म्हणाले, “आन् सवयीनं पेला विसळाय उठलो. तर माऊलीनं हातातनं काढून घेतला. म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. तुजी बी बोटं ऱ्हाऊ देत त्यावर.’”