दुसरी पायरी

सगळा कारखाना तिला नमुनाबाई म्हणायचा. दर अर्ध्या तासाला रिअॅक्टरमधून नमुना काढायचा, प्रयोगशाळेत तपासायचा, आकडा कागदावर उतरवायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. "आणि मी स्वतःही एक नमुनाच," असं ती आपणहून सांगायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलायची संधीच उरत नसे.

त्या रिअॅक्टरमध्ये रंगासाठी लागणारा माल दोन पायऱ्यांत व्हायचा. तळाच्या द्रवात वरून दुसरा द्रव सोडला की चुटकीसरशी एक मधला पदार्थ तयार व्हायचा. तो मात्र पुढे आपल्या मर्जीने, रेंगाळत पक्का माल व्हायचा आणि तेव्हा भरपूर उष्णता बाहेर टाकायचा. सगळ्या कामाचा वेग त्या दुसऱ्या, आळशी पायरीच्या हातात. म्हणून वरचा द्रव सहा तास, बेताबेताने सोडायचा दंडक होता.

नव्या साहेबांनी सहाचे दोन तास केले. रिअॅक्टरवर त्या दिवशी नमुनाबाईचा धाकटा दीर होता. त्याची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याने मुकाट्याने मान डोलावली आणि व्हॉल्व्ह मोठा उघडला.

तासाभराने साहेब खूश होऊन म्हणाले, "बघा, तापमानाचा काटा ढिम्म हलला नाही!"

नमुनाबाईला तेच खटकत होतं. पहिल्या नमुन्यात मधला पदार्थ चार टक्के होता, नेहमीसारखा. दुसऱ्यात अकरा. तिसऱ्यात एकोणीस. कागद घेऊन ती तडक केबिनमध्ये गेली.

"साहेब, ओतणं थांबवा. पक्का माल होत नाहीये, मधला पदार्थच आत साठतोय."

"काटा स्थिर आहे, ताई."

"म्हणूनच भीती वाटतेय. आपण कितीही भराभर ओतलं तरी दुसरी पायरी तिच्याच चालीने चालणार. पण एकदा तापलं की ती पळत सुटेल, आणि पळेल तसं आणखी तापेल. मग थंड करायला पाणी पुरायचं नाही."

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात टाकली. "मग थोडी वाफ देऊन तिला हलवू या."

"वाफ अजिबात नको! साठा जिरेपर्यंत हात लावू नका."

"बरं, बघतो," साहेब म्हणाले. तिला तो होकार वाटला.

चौथा नमुना घ्यायला ती रिअॅक्टरपाशी पोचली, तर वाफेचा नळ गरम लागला.

"भाऊजी, वाफ कुणी सोडली?"

"साहेबांचा फोन आला, वहिनी. पाचच मिनिटं झाली."

काटा चढून बासष्ट अंशांवर आला होता. तिने वाफ बंद केली, थंड पाणी पूर्ण सोडलं. सहासष्ट. एकाहत्तर. पाणी धो धो वाहत होतं आणि काटा तिच्या डोळ्यांदेखत चढत होता.

"सगळं सोडा, बाहेर पळा!" तिने भोंगा वाजवला आणि शेजारच्या दालनात पिशव्या भरणाऱ्या बायकांकडे धावली.

"वरचा व्हॉल्व्ह बंद करून आलोच!" मागून दिराचा आवाज आला.

फाटकाबाहेर तिने माणसं मोजली. एक कमी. ती मागे वळली तोच रिअॅक्टरच्या डोक्यावरचा सुरक्षेचा पातळ पत्रा दाबाने फाटला आणि तपकिरी धुराने छप्पर झाकून टाकलं.

दिराला जिवंत बाहेर काढलं, पण फुप्फुसं गेली ती गेलीच. आता त्याला जिना चढवत नाही. पलंग पुढच्या खोलीत आणलाय. "तुम्हाला आधी ओढून न्यायला हवं होतं," असं ती एकदा म्हणाली. तो भिंतीकडे वळून म्हणाला, "पुरे, वहिनी."

चौकशीत साहेबांनी सांगितलं, असा कागद आपल्याला मिळालाच नाही. त्यांची बदली कंपनीच्या मोठ्या कारखान्यात झाली, बढतीवर. तिथेही ओतायचे तास कमी केलेत, असं तिच्या कानावर आलं. तिने त्या दिवसाचे आकडे नीट उतरवून तिथल्या प्रयोगशाळेला रजिस्टर्ड टपालाने पाठवले. खाली लिहिलं, काटा शांत असेल तर जास्त वेळा नमुना घ्या.

दोन महिने झाले. पोचपावती आली आहे. उत्तर नाही.