गंगाक्काने खणलेला खड्डा

गंगाक्का शिवी दिल्याशिवाय भाकरी वाढत नसे. चौथीतून शाळा सोडून निपाणीकडून मी वडगावात तिच्याकडे कामाला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ताट सरकवून म्हणाली, "गिळ रं, घोड्या!" नवरा गेल्यापासून घरच्या हातमागावर तीच विणायला बसायची. मी कांड्यांवर सूत भरून द्यायचो.

सहा-सात वर्षांनी गल्लीत उंदीर मरून पडले आणि हुकूम आला: घरं सोडा, शेतात झोपड्या घाला. प्लेगच तो. झोपडीला जागा मिळणार ती गावातल्या घरांना आणि कसबी कारागिरांना. बाकी परक्यांनी आपापला गाव गाठावा, असं पाटील दारोदार सांगत होते. पण आमच्या गावात वडगावच्या माणसाला शिरू देत नव्हते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आक्का, माझं कसं?" मी सारखं विचारी.

"तुझं काय? माग उचल आदी!"

शेतात पोचताच लोक मेढी रोवू लागले. आक्का मात्र कुदळ घेऊन खड्डा खणायला लागली. विणकराला पाय सोडून बसायला मागाखाली खड्डा लागतो, तो. पण त्या दिवसांत खड्डा दिसला की लोकांच्या मनात दुसरंच येई. शेजारची तायव्वा ओरडली, "आगं, कुनासाठी खनतीस? अजून कुनाला गाठ बी न्हाय आली!"

"तुझ्यासाठीच. ये, माप दे!"

मी कुदळ मागितली, तर मला हाकललं.

तेवढ्यात पाटील आले. "ह्यो निपाणीचा न्हवं? कांड्या भरनाऱ्याला जागा न्हाय, गंगाक्का."

"कांड्या मी भरते. मागावर ह्योच बसतोय."

मी जन्मात मागावर बसलो नव्हतो.

"व्हय?" पाटील हसले.

"उतर रं आत, घोड्या."

मी काठावर बसून पाय सोडले. टाचा तळाला नीट टेकल्या. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यालाही न पोचणाऱ्या आक्काकडे. "ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि पुढे गेले.

झोपडी मग त्या खड्ड्याभोवती उभी राहिली. आक्का उन्हात बसून कांड्या भरी आणि तिथूनच ओरडे, "धागा तुटला की रं! डोळं हायत का भोकं?" तशी मी विणायला शिकलो.

आज लांब सोलापुरात त्याच कसबावर माझं पोट भरतं. आक्का गेल्याचं इथंच कळलं.

त्या शेतातली एक दुपार डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पाणी पिऊन परत आलो, तर आक्का मागावर बसलेली. तिचे पाय खड्ड्यात अधांतरी लोंबत होते. मला पाहताच घाईने उठली.

"खाली गार लागतंय का, बघत हुते," म्हणाली.