लाल रीळ

आमच्या शिवणखान्यात एक नियम आहे, तो कुठेही लिहिलेला नाही. जिची पाळी आली, तिने टेबलावर लाल दोऱ्याचं रीळ उभं करून ठेवायचं. मग तीन दिवस तिला उभ्याचं काम नाही. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. मालक भला माणूस. लाल दोरा एवढा का लागतो, हे कोडं त्याला दहा वर्षांत सुटलेलं नाही.

काजं करणारी मावशी आमच्यात सगळ्यांत जुनी. तिच्या तोंडी अजून 'कावळा शिवला' असतं. "इथे सगळेच शिवतात, कावळासुद्धा," हा तिचा विनोद मी कामाला लागल्यापासून ऐकतेय. दर वेळी आधी तीच हसते.

नियम आणला टेपबाईने. ती आमची कापणारी. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि तोंडात एकच वाक्य: "माप दोनदा, कात्री एकदा." दिवसभर उभी राहून शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे कापायची. तिच्या हातून वीतभर कापड वाया गेलेलं मी पाहिलं नव्हतं. वय चौतीस, लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. तिची सासू या नऊ वर्षांचा हिशोब शेजारणींना ऐकवायची, तोही सून घरात असताना.

मी इस्त्रीवर असते, तिच्या उजव्या हाताला. त्यामुळे तिच्या टेबलावर लाल रीळ दोन महिने उभं राहिलेलं नाही, हे पहिल्यांदा मला दिसलं. आणि पहिल्यांदा बोललेही मीच. माझ्या जिभेला हाड नाही.

"काय गं, कावळा वाट चुकला वाटतं?"

ती नुसती हसली. नाही म्हणाली नाही. दुपारपर्यंत सगळ्या खोलीला कळलं, आणि संध्याकाळी कुणीतरी तिच्या सासूच्या कानावर घातलं.

त्यानंतर तिचं आयुष्यच बदललं. सासू सकाळी चहा हातात आणून द्यायला लागली. "सूनबाई, वाकू नकोस," असं ती म्हणाली, हे टेपबाईने मला सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद समजले. मावशीने उरल्यासुरल्या तुकड्यांतून चार झबली शिवली. चौथ्या महिन्यात टेपबाईच्या ब्लाउजवर दोन ओले डाग दिसले. मावशी हळूच म्हणाली, "दूध लवकर आलं. चांगलं असतं." कुठल्या शहाण्याने तिला तसं सांगितलं होतं, देव जाणे. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

ती रोज डोकं धरून बसायची, तेही आम्ही त्याच खात्यात टाकलं. ती माझ्या इस्त्रीच्या टेबलाला एकदा नव्हे, तीनदा धडकली. मी शेजारी उभी असले तरी हाक मारल्यावर दचकायची. एकदा तर डझनभर बाह्या कापताना उजवीकडच्या कडेचं कापड दुमडलेलं तिला दिसलंच नाही, आणि सगळ्या बाह्या आखूड झाल्या. "दिवस गेले की होतं असं," आम्ही म्हणालो. आम्हाला काय, उत्तर आधीच मिळालेलं होतं.

पाचव्या महिन्यात ठरलं, तिला एक ढगळ झगा शिवून द्यायचा. माप घ्यायला मी बसले. मापाच्या वहीत तिची कंबर होती साडेअठ्ठावीस. मी टेप लावली. साडेअठ्ठावीस. पुन्हा लावली. तेवढीच. पोटावरून घेतलं, तिथेही सूतभर फरक नाही.

बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. मी म्हटलं, "टेपबाई, माप दोनदा घेतलं."

तिने टेप माझ्या हातातून घेऊन गुंडाळली. मग म्हणाली, "दुसऱ्याच महिन्यात चाचणी केली होती घरी. एकच रेघ आली. मग परत केली, तीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललीस ना सगळीकडे. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी मला वाकू नकोस म्हणालं."

मला माझी लाज वाटली. मी इस्त्री बंद केली, तिला हाताला धरलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. शेवटची पाळी कधी, डोकं कधीपासून दुखतं, दूध कधीपासून येतं, सगळं विचारलं. टेपबाईला सरळ समोर बघायला सांगून बाजूने बोट पुढे आणलं. "दिसलं की सांगा." बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ती 'हो' म्हणाली. दोन्ही बाजूंना तसंच. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी रक्त तपासायला आणि डोक्याचा फोटो काढायला पाठवलं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. कॅन्सर नव्हता. ती गाठ शरीराला खोटंच सांगत होती की मूल झालंय, दूध तयार कर. म्हणून पाळी थांबली होती, आणि गाठ वाढून डोळ्यांच्या नसा दाबत होती.

"दिवस नाहीत आणि तीन महिने पाळी नाही, एवढ्यावरच यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आणि दूध, डोकेदुखी किंवा नजर यांतलं काही असेल, तर तीन महिनेही थांबायचं नाही. आणखी उशीर झाला असता तर गेलेली नजर परत आली असती असं मी सांगू शकले नसते. आता गोळ्या घ्या. बहुतेकींची गाठ गोळ्यांनीच आकसते."

"आणि मूल?" टेपबाईने विचारलं.

"आधी डोळे. मग त्याचं बोलू. दार बंद झालेलं नाही."

घरी तिने स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चहा बंद झाला. मावशीने झबली कुठल्याशा पिशवीत घातली आणि पिशवी कपाटावर टाकली. नंतर दोन दिवस मावशी माझ्याशी बोलली नाही, जणू टेपवर आलेलं माप हा माझाच दोष होता.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी आले, तर टेपबाईच्या टेबलावर लाल रीळ उभं होतं. खोलीतली सगळी मशिनं एकेक करून थांबली. मावशी म्हणाली, "सापडली बाई कावळ्याला वाट." या वेळी ती हसली नाही. उठली आणि टेपबाईच्या हातातली कात्री काढून घेऊन स्वतः कापायला उभी राहिली.

टेपबाई स्टुलावर बसली. समोर भिंतीकडे बघत ती रडत होती, आवाज न करता. ते रडणं कशाचं होतं, तिला तरी सांगता आलं असतं का कोण जाणे. मी नेहमीच्या जागी, तिच्या उजव्या हाताला, इस्त्री हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

तिने मान वळवली नाही.

"माझ्याकडे काय बघतेस?" ती म्हणाली. "कॉलर जळतेय."