चिचुंद्रीच्या बाई

वास आला की लीलाबाई खूश होत. बाकी साऱ्या मुरबाडात चिचुंद्रीचा वास आला की बाया पदर नाकाला लावतात आणि पुरुष झाडू शोधतात. लीलाबाई मात्र बोलता बोलता थांबत, नाक जरा वर करत आणि जुनी मैत्रीण दारात आल्यासारखं म्हणत, "आली बघ." मग मोरीच्या भोकातून आधी ते लांबुडकं नाक बाहेर येई, इकडेतिकडे हले, आणि पाठोपाठ करडं अंग भिंतीला घासत, चिकचिक करत स्वयंपाकघराच्या कडेनं निघून जाई. बाई पाय वर घेत नसत. "तिचा रस्ता आहे तो," म्हणत. "आपणच मध्ये बसलोय."

माझी पिठाची गिरणी बाईंच्या घराला लागून, मधली भिंत एकच. त्याआधी मी त्यांची विद्यार्थिनी, विज्ञानात कशीबशी पास होणारी. लग्न गावातच झालं, नवऱ्याची गिरणी मी चालवायला लागले आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाई माझ्या शेजारीण झाल्या. शेजारीण म्हणायचं आपलं. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसायची माझी कधी टाप झाली नाही. "अगं सुनंदा, वर बस, तुझी परीक्षा नाही घेत," असं त्या दरवेळी म्हणायच्या आणि मी दरवेळी उंबऱ्यावरच टेकायचे.

एकदा मी सहज बोलून गेले, "बाई, गिरणीतला उंदीर तुमच्याकडं येतो वाटतं." झालं! बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की आमच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. "उंदीर म्हणू नकोस तिला. उंदीर तुझ्याकडे आहेत, पोती कुरतडणारे. ही कुरतडत नाही. झुरळं खाते, रातकिडे खाते, प्रसंगी विंचूही सोडत नाही. तुझ्या दाण्याला तोंड लावत नाही आणि शिव्या मात्र उंदरांच्या वाट्याच्या खाते. नाव घ्यायचं तर नीट घे." त्या दिवसापासून गिरणीत मी कुणालाही चिचुंद्रीवर चप्पल उगारू दिली नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "सुनंदाला बाईंचं वारं लागलं गो."

बाई मूळच्या शहापूरकडच्या. नोकरीला मुरबाडात आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांना शाळेत 'चिचुंद्रीच्या बाई' हे नाव पडलं, त्या वेळी मी वर्गात होते. भरदुपारी शाळेच्या मागच्या भिंतीकडून एक चिचुंद्री पिल्लांना घेऊन निघाली होती. पहिल्या पिल्लानं आईच्या शेपटीपाशी तोंडानं घट्ट धरलेलं, दुसऱ्यानं पहिल्याला, तिसऱ्यानं दुसऱ्याला. अशी ती सगळी वरात एकाच लयीत, वळणावर वळत, भिंतीला धरून चाललेली. शिपाई खराटा घेऊन धावला. बाई दोन्ही हात पसरून त्याला आडव्या गेल्या आणि आम्हाला ओरडून म्हणाल्या, "बाहेर या सगळे! पुस्तक राहू दे तिथंच."

वरात कौलांच्या ढिगाऱ्यात शिरेपर्यंत आम्ही श्वास रोखून बघत होतो. मला बाईंसमोर हुशारी दाखवायची खुमखुमी. म्हटलं, "बाई, कशी एकमेकांना धरून राहतात नाय! माणसानं शिकावं यांच्याकडनं."

"काय शिकावं?" बाई म्हणाल्या. "थोड्याच दिवसांत ही पिल्लं मोठी होतील आणि जो तो आपली वाट धरेल. मग दोघी समोरासमोर आल्या तर किंचाळून भांडतील. चिचुंद्री एकटीच राहते. त्यात तिचं काही चुकत नाही आणि बिचारी वगैरेही नाही ती. जनावर आहे ते, मूल्यशिक्षणाचा तास नाही."

बाईंनी लग्न केलं नव्हतं. गावाला याचं केवढं कोडं! कुणी प्रेमभंग चिकटवायचं, कुणी पत्रिकेतला मंगळ. दळणाला आलेल्या एका म्हातारीनं तर तोंडावरच विचारलं, "बाई, तुमी एकट्या कशा गो राहता? घर खायला उठत नाय?" बाई हसून म्हणाल्या, "उठतं की. मग मी त्याच्या आधी जेवून घेते." म्हातारी डोक्याला हात लावून गेली. मला मात्र ते हसणं दुपारभर पुरलं. माझी मुलं पुण्याला असतात, नवरा कंपनीतून आला की टीव्हीशी बोलतो. दिवसभर गिरणीच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. संध्याकाळी पट्टा थांबला की कान सुन्न होतात आणि त्या शांततेत फार एकटं वाटतं. तेवढ्या वेळात बाईंच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे मी. एकटीनं राहणाऱ्या बाईकडे मी माझा एकटेपणा घालवायला जात होते, आणि त्याचं मला हसूही यायचं.

पुढे त्यांच्या घराची मांडणी बदलायला लागली. मधलं टेबल भिंतीला गेलं. पलंग सरकला. दोरीवरचे कपडे कोपऱ्यातल्या खुंटीवर आले. एकदा बघते तर खोलीचा मध्य मोकळा आणि सामान सगळं कडेला, ओळीनं. "लग्नाचा हॉल करताय काय?" मी चिडवलं. "झाडायला सोपं," बाई म्हणाल्या. चालताना त्यांचा डावा हात भिंतीवरून फिरत असे आणि जीभ टाळ्याला लावून त्या हलकेच टकटक आवाज करत. मला वाटलं, वय झालं, लागल्या असतील सवयी.

मग एका सकाळी मी पीठ द्यायला गेले. बाई भिंतीला हात लावून मोरीकडे निघाल्या होत्या आणि समोरून, त्याच भिंतीला धरून, चिचुंद्री येत होती. दार उघडं, लख्ख ऊन आत आलेलं. मला वाटलं, आता बाई थांबतील, "आली बघ" म्हणतील. बाई थांबल्या नाहीत. चिचुंद्रीचं नाक त्यांच्या अंगठ्याला लागलं तेव्हा दोघीही दचकल्या. चिचुंद्री चिरकली आणि आल्या वाटेनं पळाली.

"बाई, तुमाला दिसली नाय?"

बाई तशाच उभ्या राहिल्या. "वास आला होता," म्हणाल्या. "पण वास तर सगळ्या घरालाच आहे आता."

काचबिंदू होता. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही, औषधानं उरलेली टिकली तर टिकली. ती टिकली नव्हती. आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता. हे त्यांनी मला वर्गात धडा सांगावा तसं सांगितलं. "चिचुंद्रीला तरी डोळे किती? नावाला. मिशा आणि नाक यांवर तिचा संसार चालतो. एकदा रस्ता अंगवळणी पडला की तिचं काही अडत नाही. फक्त मध्ये कुणी काही ठेवू नये."

मला रडायला आलं. बाईंनी माझा हात शोधून धरला. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. "विनायकला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "त्याला कळलं की तो मला घेऊन जाईल. मला इथंच राहायचंय गं. बस्स, एवढंच हवंय."

विनायक म्हणजे बाईंचा भाचा. आई-वडील लवकर गेले तेव्हा बाईंनीच त्याला शिकवलं. आता कल्याणला बायको-मुलांसह राहतो. माणूस सोन्यासारखा. सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन यायचा, फळं आणायचा, नळ दुरुस्त करायचा. तो येणार असला की बाई आधीच खुर्चीत बसून राहायच्या, मांडीवर वर्तमानपत्र. चहा मी करायचे. विनायकचा आवाज जिकडून येईल तिकडे त्या मान वळवायच्या आणि अशा काही बोलायच्या, की मलाच वाटायचं, दिसतंय की यांना! तो गेला की घामानं ओल्या झालेल्या असायच्या. तरीही ते दिवस चांगले गेले. बाई स्वतः भात लावायच्या, भाजी चिरायच्या, अंगणातली तुळस हातानं चाचपून तिला पाणी घालायच्या. माझ्या पावलांवरून त्यांना माझी तब्येत कळायची. "आज गुडघा दुखतोय ना तुझा?" हे त्या दारात पाऊल पडायच्या आत विचारायच्या.

विनायकला एकच गोष्ट खटकायची, तो वास. "आत्या, तू आजारी पडशील," तो म्हणायचा. "नाही पडत," आत्या म्हणायच्या. शेवटी एका रविवारी येताना त्यानं एसटी स्टँडजवळच्या दुकानातून उंदीर धरायचा चिकट पुठ्ठा आणला आणि आत्या ओरडेल म्हणून न बोलता स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेला मांडला. मग बाहेर येऊन गप्पा मारत बसला. मी दळण संपवून नुकतीच उंबऱ्याशी आले होते. बाई पाणी प्यायला उठल्या, हात भिंतीवर ठेवून आत गेल्या.

आवाज आला तो भांड्याचा. आम्ही धावलो. बाईंचा पाय पुठ्ठ्यात रुतलेला, दोन्ही हात भिंतीला चिकटवून त्या कशाबशा उभ्या होत्या. खिडकीतून ऊन थेट त्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पडलं होतं.

"आत्या, एवढा समोर होता... तुला दिसला नाही?"

विनायकनं त्यांच्या तोंडापुढे हात हलवला. डोळे हलले नाहीत. मी बघवेना म्हणून खाली बसले आणि खोबरेल तेल घेऊन त्यांचा तळवा सोडवायला लागले.

"कडेला ठेवायचा हे तुला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"पाकिटावर लिहिलंय," तो रडत म्हणाला. "भिंतीच्या कडेला ठेवा."

"बरोबर लिहिलंय," बाई म्हणाल्या.

मग तो माझ्याकडे वळला. "सुनंदाताई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिला विचारू नकोस. मी तिला गप्प बसवलं होतं." बाईंचा आवाज वर्गातला होता, पण दोन्ही हात अजून भिंतीला धरून होते.

विनायक ओरडला असता तर बाई भांडल्या असत्या आणि मीही कमरेला पदर खोचून त्यांच्या बाजूनं उभी राहिले असते. पण तो ओरडलाच नाही. लहान पोरासारखा त्यांच्या पायाशी बसून रडला. "तू इथं पडलीस, भाजलीस, तर मी काय करू? मला झोप येणार नाही गं आत्या." बाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "येते मी. रडू नकोस."

आठवडा उलटायच्या आत त्या कल्याणला गेल्या. मला म्हणाल्या, "सुनंदा, तो चुकत नाहीये." गाडी वळेपर्यंत मी उभी राहिले. त्यानंतर संध्याकाळी पट्टा थांबला की मी गिरणीतच बसून राहायचे. जायला दारच उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर कल्याणला गेले. मोठा, चकचकीत हॉल. बाई मधोमध खुर्चीत बसलेल्या. छान धुतलेली साडी, केस विंचरलेले, अंगावर मूठभर मांसही चढलेलं. त्यांनी उठायला म्हणून खुर्चीच्या दांड्यांवर नुसते हात टेकले, तर आतून विनायकची बायको धावत आली. "आत्या, मी आहे ना, काय हवंय?" तिनं पाणी आणलं, पेला स्वतः त्यांच्या ओठांना लावला, पदरानं तोंड पुसलं. किती मायेनं! मला तिच्यात नाव ठेवायला जागा सापडेना, आणि मी शोधत होते, खरं सांगते.

ती चहा टाकायला आत गेली. बाई माझ्याकडे तोंड करून हसल्या.

"सगळे फार चांगले आहेत गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण सुनंदा, मुरबाडात मी नुसती एकटी होते. आंधळी इथं आल्यावर झाले."