खालांची मूठ

नव्वदीच्या सुरुवातीला हिमायतनगरात खासगी दवाखाने भराभर उघडत होते. फिजिओथेरपीचं शिक्षण संपताच त्यातल्याच एका दवाखान्यात मला पहिली नोकरी लागली. बाहेरच्या खोलीत नवा केबल टीव्ही होता. नंबर पुकारला तरी पेशंट मालिका अर्धी टाकून आत यायला तयार नसत.

एकदा तिथे बांगड्या भरणाऱ्या एक बाई आल्या. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मनगट मोडल्यामुळे त्यांचा उजवा हात आधी काही आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं, पण मूठ काही वळेना. दुसऱ्या एका दवाखान्यात दोन महिने बोटं ओढून झाली होती. तिथल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘बोटांचे सांधे आखडले.’

बोटं तळव्याला जिथे जोडतात, तो सांधा मी सरळ धरला आणि बोटाचा मधला सांधा दुमडून पाहिला. दुमडेना. मग तळव्याजवळचा सांधा वाकवून धरला, तर मधला अलगद दुमडला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. पुस्तकातली ही तपासणी खऱ्या हातावर इतकी स्वच्छ मी पहिल्यांदाच पाहत होते.

“खाला, जोड अच्छे हैं,” मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाले. “हथेली के अंदर के छोटे पट्ठे अकड़ गए.” सांधे ठीक होते, आखडले होते ते तळव्यातले छोटे स्नायू.

“तो सब मेरी उंगल्यां कायकू खींचरे थे?” त्यांनी शांतपणे विचारलं.

मी व्यायाम दाखवला. तळव्याजवळचे सांधे सरळ ठेवून बोटं आकड्यासारखी दुमडायची. खालांनी हात ताठ केला.

“हाथ ढीला छोड़ो,” मी म्हटलं, तशा त्या हसायलाच लागल्या. जन्मभर गिऱ्हाइकांना त्या हेच सांगत आल्या होत्या. डाव्या हाताने माझा तळवा धरून, अंगठ्याखालचा उंचवटा कसा दाबला की हात लहान होतो, तेही त्यांनी मला दाखवलं. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

दोनेक महिन्यांत मूठ मिटली. त्याच आठवड्यात खाला नारायणगुड्याला आमच्या घरी बांगड्यांची पेटी घेऊन आल्या. माझ्या आईचा हात जाड. दरवेळी चार-पाच बांगड्या फुटायच्या, म्हणून ती बांगड्या भरायचंच टाळायची. खालांनी तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. एकही बांगडी फुटली नाही.

आई हात वर करून बघत राहिली. म्हणाली, “तू यांचं काय बरं केलंस, ते मला कळत नाही. पण या बाईंना सोडू नकोस.”