वर्गातली सहावी

मुलीनं एम.ए.ला संगीत घ्यायचं ठरवलं तेव्हा मी तिला आवाजाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की वर्गात किती जणी आहेत. कापसाच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब लिहितो. आकडा कळल्याशिवाय मला धीर येत नाही.

वर्ग विनाअनुदानित होता. शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास घेतील तितकेच पैसे. प्रवेशाच्या दिवशी संस्थेच्या लोकांनी सगळ्या पालकांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं : पटावर सहा नावं असतील तोवर वर्ग चालेल, पाच झाली की बंद. प्रवेश झाले बरोबर सहा. त्यांतल्या चौघी आमच्या समाजाच्या. पाचवी पाचोऱ्याकडची, इथं धुळ्यात मावशीकडे राहणारी. सहावी शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरची.

ही सहावी मुलगी दर रविवारी धुळ्यातल्याच देवपुरात आमच्या घरी यायची. दोघी पुढच्या खोलीत रियाज करायच्या. रियाज झाला की कानबाईची, श्रावणात आमच्याकडे बसवतात त्या देवीची, गाणी म्हणायच्या. या गाण्यांची रीत अशी, की एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं ती उचलायची. माझ्या मुलीचा आवाज बारीक, तिचा भरदार आणि खालचा. मुलगी ओळ टाकून थांबली की आतल्या खोलीत बसूनही ती ओळ कुणीतरी खालून अलगद झेलल्यासारखं वाटायचं. मला गाण्यातलं कळत नाही, पण एवढं कळायचं.

त्याच पावसाळ्यात दोंडाईच्याला एका गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपण्याच्या कार्यक्रमाला, गेलो होतो. मिरचीच्या व्यापारातले एक आबा, त्यांची बायको वारली होती. आमच्याकडे गंधमुक्तीच्या शोकसभेत माइकवर देणग्या जाहीर करतात. मंदिराला इतके, गोशाळेला इतके. ते काम मुलानं करायचं असतं. त्या दिवशी आबा स्वतः उठले. माइक तोंडाला लागेल इतका जवळ धरला आणि म्हणाले, "मन्ही बायको गल्लीभर कानबाईनं गानं म्हने. तिले कोनी शिकाडं नही. आते ज्या पोरी गानं शिकतीस, त्यासले मन्ह्याकडथून." मुलानं त्यांच्या हातातला माइक घेतला आणि आकडा जाहीर केला.

पैसे आले आमच्या समाजाच्या मंडळाकडे. मंडळ नोंदणीकृत, खातं स्वच्छ, आणि गाणं शिकणाऱ्या चार मुली समाजातल्याच. मी मंडळाचा खजिनदार होतो.

दिवाळीच्या आधी मुलगी एकदा जेवताना म्हणाली, "पप्पा, रविवारी येते ना, तिचा गाताना श्वास पुरत नाही हल्ली."

"आजारी आहे का?"

"नाही. ती एकदाच जेवते. मॅडमनाही माहीत नाही."

चौकशी केली. शिष्यवृत्ती अडकलेली, सरकारी वसतिगृहात जागा मिळालेली नव्हती. भाड्याच्या खोलीत दोघींबरोबर राहत होती आणि खोलीभाडं द्यायचं म्हणून तिनं डब्याची एक वेळ बंद केली होती.

मी मंडळाच्या बैठकीत विषय ठेवला. आबांच्या पैशातून त्या मुलीचं खोलीभाडं आणि डबा द्यावा. अध्यक्ष आमचे नाना, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची नातही त्याच वर्गात होती. नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कोनी पोर शे ती?"

"पाड्यावरची आहे, नाना. आपल्या चौघींच्याच वर्गात आहे."

"मंग तिना समाज नही का? सरकार नही का तिले?"

"सरकारचे पैसे अडकलेत. ती गेली तर पटावर पाच उरतील. मग वर्गच बंद होईल. आपल्या चौघीही घरी बसतील."

मागून कुणीतरी म्हणालं, "हिशेबनीस शे भाऊ, पोरी बी मोजस." सगळे हसले. मीही थोडा हसलो.

नाना हसले नाहीत. ते मला म्हणाले, "भाऊ, कानबाईना रोट आपण भाऊबंदकीना बाहेर देतस का?"

 कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातली माणसं मोजून गहू घेतात आणि तो रोट फक्त भाऊबंदकीत खातात. शेजाऱ्याला, मित्राला, कुणालाच देत नाहीत. उरला तर नदीत सोडतात, पण बाहेर जाऊ देत नाहीत. त्या खोलीतला प्रत्येक जण हे पाळत आला होता. मीसुद्धा.

"हा रोट नाही, नाना, देणगी आहे," मी म्हणालो. "आणि आबांनी समाजाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं."

"आबानी पैसा कोठे धाडा? समाजना मंडळमा धाडा. बठ्ठासले वाटत बसूत तं आपला पोरेसले काय उरी? आनि सहा पाहिजेत तं येई कोनी सातवी."

वर्षाच्या मध्यात सातवी येणार नाही हे मी सांगितलं. मतं घेतली. माझ्या बाजूनं माझ्याशिवाय एकच हात वर आला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "लग्न झालं की आपल्या पोरीलासुद्धा आपल्या घरचा रोट चालत नाही. तेव्हा काय म्हणतील नाना?" मग थोड्या वेळानं, "उद्यापासून एक डबा जास्त करते. त्याला काही मत घ्यावं लागत नाही."

मुलगी डबा नेऊ लागली. पहिले काही दिवस तो रिकामा परत आला. मग एका रविवारी ती मुलगी आली ती चारोळ्यांची पुरचुंडी घेऊन. बायकोनं नको म्हटलं तर ती दारातच उभी राहिली. घेतल्यावर आत आली. त्यानंतर डबा अर्धा भरलेला परत येऊ लागला. भूक नाही म्हणायची. खोलीभाड्याचं मी विचारलं तर म्हणाली, "काका, ते बाबा बघतील."

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. तिच्याऐवजी एक दिवस तिचे वडील दारात आले. आमचा डबा धुऊन, पिशवीत घालून परत द्यायला आले होते. खाली जमिनीवरच बसले, खुर्चीवर बसायचं नाही म्हणाले. घरचे सगळे कामाला गुजरातेत चालले होते, मुलगीही बरोबर होती. खोलीचं सामान घ्यायला ते उतरले होते.

मी म्हणालो, "एवढं वर्ष पूर्ण करू द्या. भाड्याचं मी बघतो."

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही एक महिना बघाल, साहेब. दोन महिने बघाल. मग पोरगी तुमच्या दारात मान खाली घालून येईल." उठताना म्हणाले, "शिकंल पुढच्या वर्षी."

पुढच्या आठवड्यात मंडळाचा गुणगौरव समारंभ झाला. आबांच्या देणगीतून चौघींना धनादेश दिले. नानांनी शाली घातल्या, फोटो काढले. धनादेशांवर सही माझी होती. माझ्या मुलीनं तिचा धनादेश हातात घेतला आणि खाली उतरून माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून दिला. घरी निघताना मलाच तो उचलून खिशात घालावा लागला.

महिना संपताच कॉलेजात सूचना लागली. पटसंख्या अपुरी असल्यामुळे संगीताचा वर्ग बंद. परीक्षा द्यायची असेल त्यांनी जळगावच्या कॉलेजात नाव हलवावं. नाना पाच-सहा जणांना घेऊन ऑफिसात गेले. मीही गेलो. नाना म्हणाले, "अहो, चार मुली आमच्या एकट्या समाजाच्या आहेत."

समोरचे क्लार्क मान वर न करता म्हणाले, "नाना, मला समाज मोजायचा नाही. नावं मोजायची आहेत."

आम्ही बाहेर आलो. नानांनी चपला घातल्या, उलट्या घातल्या, पुन्हा काढून नीट घातल्या. 

मॅडम नाशिकला एका शाळेत लागल्या. नानांच्या नातीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. माझ्या मुलीनं जळगावला नाव घातलं. रोज पहाटे बस, रात्री परत. दीड महिन्यानं तिचा घसा बसला तो बरेच दिवस सुटला नाही. त्यानंतर ती गेली नाही. तंबोरा कापडात गुंडाळून कपाटाच्या मागं उभा आहे. रविवारी पुढच्या खोलीत आता कपडे वाळत घालतो.

पुढच्या पावसाळ्यात आबांचा फोन आला. बायकोचं वर्षश्राद्ध होतं, तिथं त्यांना मुलींची गाणी हवी होती. "त्या पोरीसले लई ये, भाऊ. दोन गाना म्हनतीन."

मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी तं समाजनं नाव लिधं नव्हतं."

"नाही, आबा. नव्हतं घेतलं."

"मंग तू तं व्हता ना तठे?"

"होतो."

चौघींपैकी एकटी माझी मुलगी जायला तयार झाली, याचं मला आश्चर्य वाटलं. दोंडाईच्याला आबांच्या अंगणात मंडप होता. बाजूच्या गोदामातल्या मिरचीनं येणाऱ्या-जाणाऱ्यांना ठसका लागत होता. गल्लीतल्या बायका एका बाजूला बसल्या होत्या. नाना पहिल्या रांगेत होते. आबा फोटोखाली बसून होते.

तिनं कानबाईचं गाणं सुरू केलं. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता, पण सूर धरून होता. पहिली ओळ टाकली आणि ती थांबली. मुद्दाम नाही, सवयीनं थांबली. दुसरी ओळ उचलायला कुणी नव्हतं. मी बायकांकडे पाहिलं. एक-दोघींचे ओठ हलले, पण सूर कुणाकडून निघाला नाही. मुलगी तशीच, मान किंचित डावीकडे वळवून, रियाजाला ती सहावी ज्या बाजूला बसायची तिकडे बघत राहिली.

थांबणं लांबलं. गाणं संपलं असं लोकांना वाटलं. मागच्या रांगेतले उठले आणि पंगतीकडे निघाले. मग बाकीचेही उठले. आबा मात्र उठले नाहीत. ते तिच्याकडे बघत, गाणं पुढं सुरू होईल म्हणून बसून राहिले.